डॅशचा सामुदायिक निधी : प्रचारखर्चाच्या हिशेबाचे परीक्षण

हे परीक्षण डॅश या क्रिप्टो चलनाच्या सामुदायिक निधीचे आहे. डॅश विकत घ्यावे की नाही, त्याचा भाव चढेल की पडेल, या प्रश्नांत मी शिरणार नाही. गिरगावातील आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे हिशेब मी बरीच वर्षे तपासतो. मंडळातील एका तरुण कार्यकर्त्याने मराठीतून क्रिप्टोविषयक माहितीसत्रे घेण्यासाठी या निधीकडे अर्ज करावा का, असे विचारले, तेव्हा ही सगळी व्यवस्था मी हिशेब तपासनीसाच्या नजरेने वाचून काढली. पैसे कसे मागावेत हे सांगणारे साहित्य मुबलक आहे. मिळालेल्या पैशांचा हिशेब कोणी, कोणाला आणि केव्हा द्यायचा, हे मात्र शोधत बसावे लागते, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचे आहे.

आधी व्यवस्था कशी चालते ते पाहू. जानेवारी २०१४ मध्ये एक्सकॉइन या नावाने सुरू झालेले आणि पुढे डार्ककॉइन म्हणून ओळखले गेलेले हे चलन मार्च २०१५ पासून डॅश या नावाने चालते. त्याच वर्षी त्यात अशी सोय करण्यात आली की नव्याने निर्माण होणाऱ्या नाण्यांपैकी दहा टक्के वाटा मायनर (संगणक चालवून नवे व्यवहार नोंदवणारे) किंवा मास्टरनोडधारक (ठरावीक नाणी राखून या चलनाच्या जाळ्यातील खास संगणक चालवणारे) यांना न देता सामुदायिक कामांसाठी राखून ठेवायचा. २०२३ मध्ये हा वाटा वीस टक्क्यांवर नेण्यात आला. हजार डॅश राखून जो मास्टरनोड चालवतो त्याला एक मत असते. शुल्क भरून कोणीही प्रस्ताव मांडू शकतो, आणि होकाराच्या मतांतून नकाराची मते वजा जाता उरलेली मते एकूण मास्टरनोडच्या दहा टक्क्यांहून अधिक भरली व निधीत तेवढी जागा असली, तर साधारण महिन्यातून एकदा येणाऱ्या सुपरब्लॉकमधून, म्हणजे निधी-वाटपाच्या खास नोंदीतून, मागितलेली नाणी प्रस्तावात दिलेल्या डिजिटल पत्त्यावर आपोआप जमा होतात. धनादेशावर सही करणारा खजिनदार मध्ये नसतो, आणि ‘साहेब आज जागेवर नाहीत’ हे वाक्यही ऐकावे लागत नाही.

पैसे देण्याची ही बाजू खरोखर उत्तम आहे आणि तिचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या पत्त्यावर किती नाणी गेली, कोणत्या मास्टरनोडने कोणत्या बाजूला मत दिले, हे जगातील कोणीही, मुंबईतील लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या मोबाइलवरसुद्धा, तपासू शकतो. शिवाय ज्या महिन्यात पुरेसे चांगले प्रस्ताव नसतील त्या महिन्यात उरलेली नाणी निर्माणच होत नाहीत, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेर दिसणारी खर्च उडवण्याची लगबग येथे उद्भवत नाही. प्रस्तावाचे शुल्क मंजुरी मिळो वा न मिळो परत येत नाही, आणि ही अट भुरट्या अर्जदारांना दूर ठेवते. अर्थात तिचा फटका प्रामाणिक माणसालाही बसतो. सुरुवातीला हे शुल्क पाच डॅश होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एका डॅशचा भाव हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा नुसता अर्ज करण्यासाठी पाच हजार डॉलरहून अधिक रक्कम पणाला लावावी लागत होती. छोट्या गावात चार सभा घेऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकाला हे कसे परवडणार? पुढे शुल्क एका डॅशवर आणले गेले, ते योग्यच झाले.

आता नोंदवहीत नेमके काय टिकते ते पाहिले पाहिजे. डॅशच्या जाळ्यावर प्रस्तावाचे नाव, मागितलेली रक्कम, पैसे घेणारा पत्ता, सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा, आणि सविस्तर मजकूर जेथे आहे त्या पानाचा दुवा, एवढेच नोंदले जाते. ‘आम्ही अमुक शहरात इतक्या सभा घेऊ, इतक्या दुकानांना प्रशिक्षण देऊ, त्याचा अहवाल या तारखेपर्यंत देऊ’ हे वचन त्या दुव्यापलीकडच्या पानावर राहते. ते पान बदलता येते, हलवता येते किंवा चालवणाऱ्याने देखभाल सोडली की नाहीसेही होते. म्हणजे दिलेला पैसा दगडावर कोरला जातो आणि ज्यासाठी तो दिला ते कारण मात्र पाटीवर खडूने लिहिलेले असते. हिशेब तपासणाऱ्याला खर्चाइतकीच, किंबहुना खर्चाच्या आधी, मंजुरीच्या ठरावाची अस्सल प्रत लागते, आणि येथे तीच सर्वांत कच्ची आहे.

मंडळाच्या व्यवहारात यापेक्षा साधा पण कडक नियम असतो. मंडप, रोषणाई किंवा छपाईसाठी कार्यकर्त्याला उचल दिली जाते. तो पक्की बिले आणतो, शिल्लक परत करतो, आणि मागील उचल मिटल्याशिवाय त्याच्या हातात पुढील उचल पडत नाही. वर्गणीच्या पावत्या अनुक्रमांकाने फाटतात, वर्गणी गोळा करण्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि नोंदणीकृत मंडळाला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार तपासलेले हिशेब सादर करावे लागतात. सगळी मंडळे हे मनापासून पाळतात असा माझा दावा नाही. मुंबईत राहणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. तरीही ज्याने नियम मोडला त्याला ‘तू नियम मोडलास’ असे म्हणण्यासाठी नियम तरी असावा लागतो. डॅशच्या रचनेत उचल मिटवण्याची कल्पनाच नाही. नाणी पत्त्यावर पोहोचली की व्यवस्थेच्या लेखी काम संपले. बिले आली का, सभा झाली का, काही उरले का, हे विचारणारा एकही टप्पा त्या यंत्रणेत बांधलेला नाही.

यावर नेहमी उत्तर मिळते की अनेक महिने चालणाऱ्या प्रस्तावाला मतदार मध्येच थांबवू शकतात, आणि तोच अंकुश पुरेसा आहे. ते शक्य आहे हे खरे. पण एकदा दिलेले मत मतदाराने स्वतः बदलेपर्यंत कायम राहते, म्हणजे पहिल्या महिन्यात उत्साहाने होकार दिलेला आणि नंतर लक्षच न दिलेला मास्टरनोडधारक दर महिन्याला पुन्हा होकारच देत असतो. काम झाल्याचा पुरावा दिला तर पुढील हप्ता मिळेल, असा हा प्रकार नसून काम न झाल्याचे कोणीतरी सिद्ध करून शेकडो झोपलेल्या मतदारांना जागे केले तर पुढील हप्ता थांबेल, असा आहे. पुराव्याचा भार उलट्या बाजूला पडतो. शिवाय मतदार कोण हे माहीत नसते. मास्टरनोडचा पत्ता दिसतो, त्यामागील माणूस दिसत नाही, आणि एकाच माणसाकडे कितीही मास्टरनोड असू शकतात. पैसे घेणाऱ्यानेच स्वतःच्या प्रस्तावाला मते दिली आहेत का, हे बाहेरून कळण्याचा खात्रीशीर मार्ग नाही.

प्रचारखर्चाच्या बाबतीत हा दोष अधिक जाणवतो, कारण सॉफ्टवेअर लिहिले गेले की नाही हे जाणकार तपासू शकतो, पण ‘लोकांपर्यंत पोहोचलो’ हे कसे तपासणार? व्हेनेझुएलाचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील चलन बोलिव्हारची किंमत रोज घसरत असताना स्वयंसेवकांच्या गटांनी डॅशच्या निधीतून सभा घेतल्या, दुकानदारांना प्रशिक्षण दिले, वापरणाऱ्यांसाठी मदतवाहिनी चालवली. हे काम खोटे नव्हते. मात्र २०१८ अखेर दोन हजारांहून अधिक दुकाने डॅश स्वीकारतात असे जे आकडे सांगितले जात होते ते मुख्यतः नोंदणी केलेल्या दुकानांचे होते. दारावर चिकटवलेले स्टिकर आणि गल्ल्यावर झालेला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केएफसीची व्हेनेझुएलातील दुकाने डॅश घेऊ लागणार अशी बातमी झळकली आणि कंपनीच्या तेथील शाखेने ती लगेच नाकारली. प्रचारगटाचे यश मोजण्याचे माप प्रचारगटाच्याच हातात असले की असे होते. प्रशिक्षण दिलेल्या दुकानांपैकी किती दुकानांत तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाने खरोखर पैसे चुकते केले, हा एकच आकडा दुकानदारांच्या संमतीने मागितला असता, तर माझ्या मते निम्मा वाद मिटला असता.

भावातील चढउताराचा प्रश्न यापेक्षाही गुंतागुंतीचा आहे, आणि त्याकडे परीक्षण करणारे सहसा दुर्लक्ष करतात. प्रस्ताव नाण्यांत मंजूर होतो, खर्च मात्र रुपयांत, डॉलरमध्ये किंवा बोलिव्हारमध्ये होतो. २०१७ च्या सुरुवातीस दहा-बारा डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षअखेर हजारापार गेला, आणि २०१८ च्या अखेरीस तो शंभराच्या खाली आला. ज्या गटाने २०१७ च्या पूर्वार्धात नाणी घेतली आणि ती लगेच विकली नाहीत, त्याच्या हाती मंजूर खर्चाच्या कितीतरी पट रक्कम आली. ज्याने २०१८ च्या आरंभी अनेक महिन्यांसाठी ठराविक नाणी मागितली, त्याच्यावर सभागृहाचे भाडे खिशातून भरण्याची पाळी आली. वाढीव रक्कम कोणाची? प्रस्ताव मांडणाऱ्याची, निधीची, की पुढील कामासाठी अनामत? काही प्रस्तावांत याचे उत्तर प्रामाणिकपणे लिहिलेले असते, पण व्यवस्थेने ते कोणालाही लिहायला भाग पाडलेले नाही. नाणी मिळाल्याच्या दिवसाचा भाव, ती विकल्याच्या दिवसाचा भाव आणि हातात पडलेली रक्कम, या तीन रकान्यांचा साधा तक्ता प्रत्येक अहवालाला जोडणे सक्तीचे केले तर हा प्रश्न बव्हंशी सुटतो.

समुदायाला ही उणीव कळत नव्हती असे नाही. २०१८ पासून डॅश वॉच या गटाने निधी मिळालेल्या प्रस्तावकर्त्यांशी संपर्क साधून त्यांच्या कामाचे व खर्चाचे अहवाल प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. हे अहवाल ही मला या सगळ्यातील सर्वांत स्तुत्य गोष्ट वाटते. एखाद्या गटाने उत्तर दिले नाही हेसुद्धा नोंदले जाणे हा हिशेबशिस्तीचा आरंभ असतो. अडचण अशी की या गटाचे पैसेही त्याच निधीतून, त्याच मतदानाने मिळत. ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांच्याशीच दर महिन्याला एकाच थैलीसाठी स्पर्धा करणाऱ्या तपासनीसाला कितपत परखड राहता येईल? आणि त्याने कितीही परखड लिहिले तरी हप्ता रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हताच.

तुलनेसाठी मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टो चलनाची लोकवर्गणी पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे नाणेनिर्मितीतून निधी उभा राहत नाही. प्रत्येक प्रस्तावासाठी लोक स्वेच्छेने देणगी देतात, आणि गोळा झालेली रक्कम टप्प्याटप्प्याने, ते ते काम पूर्ण झाल्याचे दिसल्यावर दिली जाते. उचलीचा नियम येथे जवळजवळ जसाच्या तसा आढळतो, आणि हिशेबाच्या बाजूने मी या पद्धतीला डॅशपेक्षा निःसंशय वरचा क्रमांक देईन. पण टप्पे पूर्ण होईपर्यंत पैसे कोणाच्या तरी हाती सांभाळून ठेवावे लागतात, आणि तेथेच घात झाला. १ सप्टेंबर २०२३ रोजी हे पैसे ठेवलेल्या डिजिटल पाकिटातून २,६७५.७३ मोनेरो चोरीला गेले, आणि ही गोष्ट जाहीर झाली नोव्हेंबरमध्ये; तेव्हाच्या भावाने ही रक्कम साधारण साडेचार लाख डॉलर होती. समुदायाच्या सर्वसाधारण निधीतून देणी भागवण्याचा मार्ग काढला गेला. तरी सामुदायिक पैशांचे पाकीट रिकामे झाल्याचे समुदायाला दोन महिने कळले नव्हते, हे यातून उघड झाले. आमच्याकडे उत्सवाच्या दिवसांत रोकड रोज रात्री दोघांसमोर मोजली जाते.

पोल्काडॉट या आणखी एका क्रिप्टो व्यवस्थेबद्दल थोडक्यात. एका अहवालानुसार त्याच्या निधीतून २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ८.७ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यांपैकी सुमारे ३.७ कोटी प्रचार व प्रसिद्धीवर गेले. या वेगाने निधी दोनच वर्षे पुरेल, असा अंदाजही त्याच अहवालात होता, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. वादळ उठले याचे श्रेय मी अहवालाला देतो, कारण खर्चाची वर्गवारी करून ती एकत्र मांडल्यामुळेच लोकांना प्रश्न विचारता आले. डॅशच्या निधीचा असा सहामाही, वर्गवार ताळेबंद व्यवस्थेतूनच तयार होत नाही, कोणीतरी हौसेने करावा लागतो. याच्या अगदी उलट टोकाला २०१४ मधील डोजकॉइन या क्रिप्टो चलनाच्या समुदायाची वर्गणी आहे. त्या समुदायाने जॉश वाइज या मोटारशर्यतपटूसाठी सुमारे ६.७८ कोटी डोज, तेव्हाचे साधारण ५५,००० डॉलर, जमवले आणि मे महिन्यात डोजच्या चित्राने रंगवलेली गाडी अमेरिकेतील टॅलाडेगाच्या शर्यतीत धावली. त्या प्रचाराचा उपयोग किती झाला हे सांगणे कठीण आहे, पण पैसे कशावर गेले हे दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले. जमेची एकच बाजू, खर्चाची एकच बाब, आणि वस्तू डोळ्यांसमोर. हिशेब तपासणाऱ्याला आणखी काय हवे?

स्वयंसेवकांच्या कामाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ‘आम्ही हौसेने करतो, आमच्याकडे पावत्या कसल्या मागता’ हा सूर क्रिप्टोच्या समुदायांत जितका ऐकू येतो तितकाच आपल्याकडील उत्सवांत आणि स्नेहसंमेलनांतही. कार्यकर्त्याने आपल्या श्रमांचा मोबदला घेऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. घ्यावा, आणि तो ‘मानधन’ या स्वतंत्र शीर्षकाखाली आकड्यासह लिहावा. अनेक प्रचारप्रस्ताव वाचताना संयोजकाचे मानधन, प्रवास, छपाई आणि खानपान हे सगळे एका ठोक रकमेत घातलेले दिसते, आणि मग संशय येतो तो बहुधा निष्कारण येतो. मानधन वेगळे काढले की उरलेल्या खर्चाला बिले जोडण्यात कोणाला अपमान वाटण्याचे कारण राहत नाही.

मुंबईतून अर्ज करू पाहणाऱ्यांना काही स्थानिक बाबीही ध्यानात घ्याव्या लागतील. मिळालेली नाणी अर्जदाराच्या वैयक्तिक पाकिटात येतात, त्यामुळे प्राप्तिकर खात्याच्या नजरेत ती त्याचीच ठरण्याचा संभव मोठा आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (म्हणजे क्रिप्टो नाण्यांसारख्या मालमत्तेच्या) हस्तांतरातील नफ्यावर तीस टक्के कर आहे, खरेदीची किंमत वगळता कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्याशी वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतराच्या मोबदल्यावर एक टक्का उद्गम करकपातही (टीडीएस) लागू आहे. म्हणजे सभागृहाचे भाडे, बॅनर, चहापाणी यांची बिले कितीही चोख ठेवली तरी या नफ्यावरील कर त्यांमुळे कमी होणार नाही, आणि ही तरतूद अर्जात आधीच करावी लागेल. जाहिरात मानक परिषदेचे नियमही एप्रिल २०२२ पासून आहेत: क्रिप्टो उत्पादने नियंत्रित नाहीत आणि अत्यंत जोखमीची असू शकतात, ही सूचना छापील जाहिरातीत तळाशी किमान एकपंचमांश जागेत द्यावी लागते. गल्लीच्या नाक्यावर लावलेला बॅनर वाचणाऱ्या निवृत्त माणसाला ही सूचना दिसलीच पाहिजे, म्हणून प्रचारखर्चाच्या अहवालासोबत बॅनरचे छायाचित्र जोडावे, अशी माझी सूचना आहे.

गुण द्यायचे झाले तर निधी-वाटपातील पारदर्शकतेला मी पाचपैकी साडेचार देईन, मतदानाच्या पद्धतीला तीन, आणि प्रचारखर्चाच्या उत्तरदायित्वाला दीड. तो दीडही मुख्यतः डॅश वॉचसारख्यांच्या श्रमांमुळे. सॉफ्टवेअर विकासासाठी अर्ज करणाऱ्याला ही व्यवस्था चांगली सेवा देते. प्रचार करणाऱ्याला ती पैसे पटकन देते आणि मग वाऱ्यावर सोडते. प्रामाणिक माणसाला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्यासाठी ती काहीही साधन देत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आमच्या कार्यकर्त्याला मी अर्ज करू नकोस असे सांगितले नाही. एका वेळी एकाच महिन्याची रक्कम माग, मानधन वेगळे दाखव, नाणी जमा होतील त्याच दिवशी रुपयांत बदल आणि त्या दिवसाच्या भावाची नोंद ठेव, अर्जाचा संपूर्ण मजकूर तारखेसह छापून आपल्या फायलीत लाव, आणि दुसरा अर्ज पहिल्याचा जमाखर्च जोडूनच कर, एवढे सांगितले. मंडळाचे नाव, बोधचिन्ह किंवा बँक खाते यांपैकी काहीही त्या अर्जात येता कामा नये, हेही बजावले, कारण त्या खात्यातील प्रत्येक रुपयासाठी आमची कार्यकारिणी धर्मादाय आयुक्तांना उत्तर देण्यास बांधलेली आहे, आणि सुपरब्लॉकमधून आलेल्या रकमेची पावती कोणाच्या नावाने फाडायची हे आमच्या खजिनदारांना सांगता येणार नाही.